सुरगाण्याच्या आकाशातले ग्रह

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘सूर्यमालेतले ग्रह’ या विषयावर वीस मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी हिशेब केला. आठ ग्रह, वीस मिनिटं; म्हणजे एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटं. ज्या शनीला एक रास ओलांडायला अडीच वर्षं लागतात, त्याला अडीच मिनिटांत उरकायचं! तेव्हा ठरवलं, की आठही जणांना सारखा न्याय द्यायचा नाही. जे डोळ्यांना दिसतात त्यांच्याविषयी सावकाश बोलायचं आणि जे दिसत नाहीत त्यांना थोडक्यात आटपायचं. एवढा पक्षपात आपण पोटात घालावा.

मी विज्ञानाचा शिक्षक. नोकरीची बहुतेक वर्षं सुरगाण्यात गेली. सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक. पलीकडं लगेच गुजरात. डोंगराळ, आदिवासी तालुका. उतारावर नागली, वरई, उडीद, खाचरात भात. पावसाळ्यात पाऊस असा, की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, आणि त्याच गावांत एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. पाणी वाहून जातं. आकाश मात्र इथून कुठं गेलेलं नाही. दसरा उलटला, की रात्री इतक्या चांदण्या, की नाशिकहून आलेला पाहुणा अंगणात मान वर करून उभाच राहतो. त्या काळात भारनियमनाचीही आम्हाला मोठी मदत होती, हे कबूल केलं पाहिजे.

आता एक कबुली देतो. १९९४ मध्ये मी इथं रुजू झालो आणि पहिली नऊ वर्षं मी मुलांना ग्रह शिकवले ते एकही ग्रह ओळखून न पाहता. तक्ता भिंतीवर टांगायचा, छडी फिरवायची, मुलांनी सुरात म्हणायचं : बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी... परीक्षेत ‘सर्वांत मोठा ग्रह कोणता?’ एक गुण. मुलांना गुण मिळायचे, मला समाधान मिळायचं. ज्या आकाशाखाली आम्ही सगळे रोज झोपत होतो त्याचा आणि त्या तक्त्याचा काही संबंध आहे, असं ना मुलांना वाटायचं, ना मला.

२००३ च्या दिवाळीची सुटी लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, फारसं न बोलणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर थांबला. म्हणाला, “सर, अंधार पडला, की आमच्या शेतावर दक्षिणेला एक तांबडा तारा येतो. फार मोठा आहे. त्याचं नाव काय?”

मी म्हणालो, “बघून सांगतो.” शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य फार सोयीचं असतं.

रात्री बाहेर येऊन पाहिलं. खरोखरच दक्षिणेला, बराच उंच, एक नारिंगी-तांबडा ठिपका जळत होता. निखाऱ्यासारखा स्थिर. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळी वर्तमानपत्रं मंगळानं भरून गेली होती. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ आला होता, जितका तो सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता. अंतर साडेपाच कोटी किलोमीटरांहून थोडं जास्त. ते सगळं मी वाचलं होतं, कात्रणही काढून ठेवलं होतं. पण ऑगस्टमध्ये सुरगाण्यात आकाश कुठलं? ढगच ढग. ढग गेले तोवर मी मंगळाला विसरलो होतो. त्या पोराकडं वर्तमानपत्र येत नव्हतं, त्यामुळं त्याला विसरायला काही नव्हतं. त्यानं नुसतं वर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर सांगायला त्याला शोधलं, तर तो निघून गेला होता. आमच्याकडं दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. छाटणी, डिपिंग, विरळणी, मग तोडणी. आईबापांबरोबर पोरंही जातात आणि शिमग्याला परत येतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं लांबच लांब रेघ पडते.

तो गेला आणि मी मात्र शिकायला लागलो. नाशिकच्या एका मित्राकडून जुनं पंचांग, ताऱ्यांचा नकाशा आणि बरीच बोलणी घेऊन आलो. पहिली गोष्ट कळली ती अशी : ग्रह ओळखायच्या दोन खुणा. एक, तारा लुकलुकतो, ग्रह सहसा लुकलुकत नाही. तारे इतके लांब आहेत, की ते आपल्याला निव्वळ बिंदूसारखे दिसतात. हवेच्या हालचालीनं त्या बारीक किरणाची थरथर होते. ग्रह जवळचे. ते दिसतात बिंदूसारखेच, पण असतात बारीकशा चकत्या, म्हणून त्यांचा प्रकाश बराच स्थिर राहतो. दुसरी खूण अधिक पक्की. तारे एकमेकांना धरून असतात; आजोबांनी पाहिलेला मृग आणि नातवानं पाहिलेला मृग एकच. ग्रह त्यांच्यामधून चालत जातात. ग्रीक लोकांनी त्यांना नाव दिलं त्याचा अर्थ भटके. आपला शब्द ग्रह, म्हणजे धरणारा, पकडणारा. मला विचाराल, तर याबाबतीत ग्रीकांचा शब्द बरा वाटतो. आपल्या शब्दानं उगाच लोकांच्या मानेवर हात ठेवलाय.

मार्च उजाडला. शिमग्याला सगळी माणसं परत आली. शाळेत येताच तो मुलगा मला म्हणाला, “सर, तांबडा सरकला.”

बागेत राखणीला झोपायचे, तेव्हा तो रोज बघत होता. तांबडा आधी दक्षिणेला होता. मग हळूहळू पश्चिमेच्या अंगाला गेला, बारीक झाला, आणि आता कृत्तिकांच्या पुंजक्याकडं निघालाय. ऑक्टोबरअखेर कुंभ राशीत असलेला मंगळ मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेषेत पोहोचला होता, हे मी पंचांगात वाचून सांगू शकत होतो. त्यानं ते अंगणात पडून पाहिलं होतं. बारीक का झाला, हेही त्यानंच विचारलं. तेव्हा मैदानावर दोन पोरांना गोल पळवून दाखवलं. पृथ्वी आतल्या वर्तुळात, ३६५ दिवसांत एक फेरी. मंगळ बाहेरच्या वर्तुळात, ६८७ दिवसांत एक फेरी. आतला बाहेरच्याला गाठतो तेव्हा दोघं शेजारी, आणि मग आतला पुढं निघून जातो. अशी गाठ साधारण सव्वीस महिन्यांनी पडते. गाठीच्या वेळी मंगळ ठळक, एरवी फिका. तांबडा का, तर त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे. व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. दिवस मात्र जवळजवळ आपल्याएवढाच, २४ तास ३७ मिनिटांचा.

आणि मग त्या वर्षीचा पाडवा आला. २१ मार्च २००४. मला पुढचा पंधरवडा आयुष्यात विसरता येणार नाही. उघड्या डोळ्यांना दिसणारे पाचही ग्रह त्या दिवसांत एकाच वेळी संध्याकाळच्या आकाशात होते. पश्चिमेला क्षितिजालगत बुध, त्याच्यावर झगझगीत शुक्र, त्याच्यावर मंगळ, डोक्यावर मिथुन राशीत शनी आणि पूर्वेकडं सिंहेत गुरू. आमच्याकडं वसंतातल्या संध्याकाळी ग्रहांची वाट पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभी असते, शिडीसारखी. त्या शिडीवरून पाडव्यानंतरची चंद्रकोर रोज एक-दोन पायऱ्या चढत होती. आज बुधाजवळ, परवा शुक्राजवळ, मग मंगळाजवळ, असं करत एप्रिल लागताना गुरूजवळ. एवढा चांगला फळा शिक्षकाला पुन्हा मिळत नाही.

बुधाचं दर्शन दुर्मीळ. तो सूर्याला इतका चिकटून असतो, की सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी तासभर सापडला तर सापडला. ८८ दिवसांत सूर्याभोवती फेरी. हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळं दिवसा तापमान ४३० अंशांपर्यंत चढतं आणि रात्री उणे १८० पर्यंत उतरतं. आम्ही टेकाडावर चढून त्याला पाहिलं. मुलांना तो काही विशेष वाटला नाही. खरं सांगतो, मलाही नाही. पण पाहिला.

मित्रानं त्याची छोटी दुर्बीण दिली. गोधडीत गुंडाळून एस.टी.नं आणली. कंडक्टरनं विचारलं, “काय हो, कुणाचं पोर?” शाळेच्या मैदानावर ती लावली तेव्हा पहिल्या दिवशी वर्ग आला, दुसऱ्या दिवशी मुलांची घरची माणसं आली.

त्या मुलाची आजी आली होती. तिला दुर्बिणीतून शुक्र दाखवला. दुर्बिणीत तेव्हा शुक्र अर्धा दिसत होता, अष्टमीच्या चंद्रासारखा. आजी म्हणाली, “गुरुजी, ही संध्याकाळची. पहाटेची निराळी. ती यंदा दिसंना झालीय. मागल्या उन्हाळ्यात विहिरीवर निघायच्या वेळी होती.”

मी सांगितलं, “आजी, दोन्ही एकच आहेत.” तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं शाळेच्या इन्स्पेक्टरनंही कधी पाहिलं नसेल. पण तिचं निरीक्षण तंतोतंत होतं. २००३ च्या उन्हाळ्यात शुक्र खरोखरच पहाटे दिसत होता. ऑगस्टमध्ये तो सूर्यामागं गेला आणि वर्षअखेर संध्याकाळी उगवला. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या आत आहे, म्हणून तो कधी मध्यरात्री डोक्यावर येत नाही. सूर्याच्या अलीकडं किंवा पलीकडं. ५८४ दिवसांनी हा खेळ पहिल्यापासून सुरू होतो, आणि असे पाच खेळ झाले, की बरोबर आठ वर्षं होतात. मी आजीला म्हणालो, “पाऊस पडायच्या सुमाराला ही दिसेनाशी होईल आणि नंतर पहाटे येईल. पावसाळ्यानंतर बघा.” त्या ८ जूनला शुक्र थेट सूर्यबिंबावरून सरकला. दुर्बिणीतून कागदावर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवर तिळाएवढा काळा ठिपका. तसं दृश्य पुन्हा २०१२ मध्ये दिसलं, आणि आता एकदम २११७ मध्ये. पण आजीला त्या ठिपक्याचं काही नव्हतं. दसऱ्याच्या आधी ती बाजारात भेटली आणि म्हणाली, “आली.”

शुक्राबद्दल एक राहिलं. इतका देखणा दिसणारा हा ग्रह सूर्यमालेतला सर्वांत तापलेला. बुध सूर्याला अधिक जवळ असूनही शुक्र जास्त गरम, ४६० अंशांच्या वर. कारण त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे; आलेली उष्णता बाहेर पडत नाही. हवेचा दाब आपल्याकडच्या नव्वदपट. आणि स्वतःभोवती फिरतो उलटा, तोही इतका सावकाश, की एका गिरकीला २४३ दिवस. सूर्याभोवतीची फेरी २२५ दिवसांची. म्हणजे वर्ष संपतं तरी गिरकी संपत नाही.

गुरूशेजारी चार ठिपके एका ओळीत दिसले. त्याचे चंद्र. गॅलिलिओनं ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मुलांनी पाहिलं, तर ठिपक्यांनी जागा बदललेली. आदल्या दिवशीचं चित्र वहीत काढलेलं होतं, म्हणून कुणी वाद घालू शकलं नाही. गुरू एवढा मोठा, की त्याच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील; तरी दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. उभं राहायला जमीन मात्र नाही, सगळा वायू.

पण नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला गुरू वेगळा शिकवायला नकोच. आपला सिंहस्थ कशावर चालतो? गुरू सिंह राशीत आला, की नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा. २००३-०४ चा सिंहस्थ म्हणूनच त्या वर्षी होता, आणि म्हणूनच आमचा गुरू त्या संध्याकाळी सिंहेत दिसत होता. त्याला सूर्याभोवती एक फेरी घालायला बारा वर्षं लागतात म्हणून बारा वर्षांनी मेळा. काटेकोर सांगायचं तर ११.८६ वर्षं. हा थोडासा फरक साठत जातो. सात फेऱ्यांना ८४ ऐवजी ८३ वर्षं लागतात. म्हणून कधी तरी एखादा मेळा अकरा वर्षांनीच येतो. मुलांना मी म्हणालो, लाखो माणसं गोदावरीवर ज्याच्यासाठी जमतात ते घड्याळ हे बघा, वर टांगलेलं आहे. ते म्हणाले, “सर, मग लोक वर का बघत नाहीत?” याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

शनीच्या रात्री गंमत झाली. आमचे एक सहशिक्षक दुर्बिणीपासून दहा हात लांब उभे. त्यांना साडेसाती चालू होती. बोटात लोखंडाची अंगठी, दर शनिवारी तेल. म्हणाले, “त्याची दृष्टी पडलीय तेवढी पुरे, आपण होऊन त्याच्याकडं कशाला बघू?” मी त्यांना तिथल्या तिथं हिशेब मांडून दाखवला. शनी सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांत घालतो. राशी बारा. एका राशीत साधारण अडीच वर्षं. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी, म्हणजे साडेसात वर्षं. साडेसाती ती एवढीच. कुठल्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना, म्हणजे देशातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना साडेसाती चालू असते. त्यांत पंतप्रधान असतात, शिपाई असतात, लॉटरी लागलेलेही असतात. ते हसले नाहीत. पण सगळी मुलं घरी गेल्यावर हळूच आले आणि डोळा लावला. २००४ मध्ये शनीची कडी चांगली उघडी होती. बराच वेळ ते वाकून होते. मग म्हणाले, “हा एवढा देखणा आहे?” अंगठी त्यांनी पुढंही काढली नाही. पण त्यानंतर दुर्बीण निघाली, की शनीला पहिला नंबर त्यांचा.

ती कडी म्हणजे बर्फाचे आणि दगडांचे असंख्य तुकडे. रुंदी लाखो किलोमीटरची, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटर ते दहावीस मीटर. त्यामुळं कडेनं पाहिली, तर दिसेनाशीच होतात. २०२५ च्या मार्चमध्ये तसं झालं होतं. शनी इतका विरळ, की तेवढा मोठा तलाव मिळाला, तर पाण्यावर तरंगेल. चंद्रांच्या मोजणीत तो सर्वांत पुढं. २०२५ मध्ये हा आकडा २७४ वर गेला. आमच्या तक्त्यावर १८ लिहिलं होतं. मुलं पाठ करत होती.

तक्त्याचा दुसरा खोटेपणा अंतरांचा. कागद दोन हातांचा, त्यामुळं ग्रह एकमेकांना खेटून बसलेले. म्हणून एका शनिवारी आम्ही रस्त्यावर सूर्यमाला मांडली. खऱ्या मापाचा हजार कोटीवा भाग. सूर्य म्हणजे चौदा सेंटिमीटरचं मोठं बेलफळ, शाळेच्या फाटकावर. आठ पावलांवर बुध, रव्याचा कण. चौदा पावलांवर शुक्र आणि वीस पावलांवर पृथ्वी : दोन्ही नागलीचे दाणे. पृथ्वी नागलीच्या दाण्याएवढी म्हटल्यावर पोरांना एकदम आपलेपणा वाटला. तिच्यापासून चंद्र चार सेंटिमीटरवर. माणूस स्वतः जाऊन आला तो एवढाच. तीस पावलांवर मंगळ, खसखशीहून बारीक. मग जी पावलं मोजायला लागतात! गुरू शंभराच्या पुढं, करवंदाएवढा. शनी १९० पावलांवर, त्याहून जरा लहान करवंद. युरेनस ३८० पावलांवर, उडदाचा दाणा. आणि नेपच्यून सहाशे पावलांवर, तोही उडीदच. या मापानं प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर पडतो. म्हणजे बेलफळावरून निघालेली मुंगी. तिला नागलीच्या दाण्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं आणि शेवटच्या उडदापर्यंत चार तासांहून जास्त. सर्वांत जवळचा तारा कुठं ठेवायचा, असं एका मुलीनं विचारलं. हिशेब केला, तर चार हजार किलोमीटरवर. काश्मीर ते कन्याकुमारी संपलं तरी दुसरं बेलफळ येत नाही.

नेपच्यूनचा उडीद घेऊन तो मागच्या बाकावरचाच पळाला होता. खेळ संपला, मी हाक मारली, सगळे परत आले, हा आलाच नाही. हाक पोहोचलीच नव्हती. शेवटी एकाला पिटाळलं. तो हातावर उडीद घेऊन वळणावर उभा होता. खऱ्या नेपच्यूनचीही तीच स्थिती. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यान त्याच्या जवळून गेलं, त्यानंतर तिकडं कुणी फिरकलेलं नाही. १८४६ मध्ये आधी गणितानं आणि मग दुर्बिणीनं तो सापडला. त्याची एक फेरी १६५ वर्षांची, म्हणजे शोध लागल्यापासूनची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली. युरेनस विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये शोधला, म्हणून आपल्या पंचांगात तो हर्षल. तो आडवा पडून, कुशीवर लोळत सूर्याभोवती ८४ वर्षांत फिरतो. या दोघांना मी एवढ्यावरच सोडतो.

त्या दिवशी आम्ही प्लुटोही मांडला होता, कारण तेव्हा ग्रह नऊ होते. २४ ऑगस्ट २००६ ला प्राग इथं भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेनं त्याला बटुग्रह ठरवलं. त्याच्या कक्षेत इतरही पुष्कळ गोळे आहेत, स्वतःची वाट त्यानं मोकळी केलेली नाही, हे कारण. आम्ही तक्त्यावर शाईनं काट मारली. पण प्लुटोच्या आधीची एक गोष्ट मराठी माणसानं लक्षात ठेवावी. व्यंकटेश बापूजी केतकर नावाचे शिक्षक होते, विजापूर-बागलकोट भागात राहिलेले. त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत लिहिलं, की नेपच्यूनपलीकडं सुमारे २४२ वर्षांत फेरी घालणारा ग्रह असावा. १९३० मध्ये प्लुटो सापडला, त्याची फेरी २४८ वर्षांची. आज शास्त्रज्ञ याला योगायोग मानतात, कारण प्लुटो इतका हलका आहे, की त्याच्या ओढीचा माग अशा गणितातून लागणं शक्य नाही. योगायोग असेल. पण हाताशी काहीही साधन नसताना एक शाळामास्तर रात्रीचा दिवा लावून एवढ्या लांबचा हिशेब करत बसला होता, हे मला पुरतं.

आता त्या मुलाचं. नववीची परीक्षा त्यानं दिली. हजेरी कमी भरत होती. मी म्हणालो, याचे तीन-चार महिने वाया गेलेले नाहीत, यानं मंगळाची अर्धी वाट पाहून ठेवलीय. पण हजेरीपटात त्यासाठी रकाना नसतो. काही तरी करून तो दहावीत गेला. त्या दिवाळीनंतर पुन्हा बागेवर गेला आणि शिमग्याला गावात आला तो शाळेत आलाच नाही. मी घरी जायला हवं होतं. जाऊ, जाऊ म्हणत बोर्डाच्या परीक्षेची गडबड आली, आणि राहिलं. त्या वर्षी दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून आमचा सत्कार झाला. पटावर जे उरले त्यांचाच निकाल लागतो.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला. २०१५ चा ऑक्टोबर संपत आला होता. मला नाशिकला जायचं होतं, पहाटेची पहिली गाडी धरायला फाट्यावर उभा होतो. अंधार होता. पूर्वेला तीन ग्रह एका मुठीत मावतील असे जमले होते : शुक्र, गुरू आणि बारीकसा मंगळ. टोमॅटोच्या जाळ्या भरलेली एक पिकअप पुढं गेली, थांबली, मागं आली. चालवणाऱ्यानं काच खाली केली. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, “सर, तो खालचा तांबडा आहे ना?”

मग ओळखलं. खाली उतरला, पाया पडला. नको म्हटलं, तरी पडला. मी बोट दाखवलं, “आणि तो?”

“गुरू. सिंहेत आलाय ना? नाशिकला सिंहस्थ चालू आहे, म्हणजे बारा वर्षं झाली.” थोडं थांबून म्हणाला, “तुम्ही दाखवला होता त्याला.”

आजी कशी आहे विचारलं. तीन वर्षांपूर्वी गेली, म्हणाला. एक मुलगी आहे, अंगणवाडीत जाते. इंजिन चालूच होतं. बाजाराला उशीर होत होता, हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं, पण निघेना.

“आणि सर, शनी? तो तिथंच परत कधी येईल, आपण मैदानावर पाहिला होता तिथं?”

मी बोटांवर मोजलं. २००४ आणि साडेएकोणतीस. “२०३३ च्या आसपास. मिथुनेत.”

त्यानंही मोजलं. “पोरगी तवा बावीस वर्षांची असंल,” असं म्हणाला आणि गाडीत बसला. मला फाट्यावरून नाशिकपर्यंत त्यानंच नेलं. वाटेत उजाडेपर्यंत तो समोरच्या काचेतून त्या तिघांकडं बघत होता आणि मी, खरं सांगायचं तर, रस्त्याकडं.